शेळीचं तोंड सुजलं तर: आधी हात लावून बघा, औषध नंतर

भाद्रपद लागला की गावोगाव शेळ्यांच्या जबड्याखाली पिशव्या लोंबायला लागतात आणि घरोघरी वेगवेगळे उपाय सुरू होतात. कोणी बिब्बा लावतो, कोणी विळा तापवून डाग देतो, कोणी ब्लेडनं चिरून ‘पाणी काढतो’. त्यातला एकही उपाय सुजेच्या कारणापर्यंत पोचत नाही. डाग दिल्यानं भाजलेली जखम होते, चिरल्यानं पावसाळ्यात अळ्या पडतात, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

तोंडावर सूज येण्याची कारणं डझनभर आहेत आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक गाठ फोडावीच लागते. दुसरी फोडली तर शेळी दगावू शकते. तिसरीला हातही लावायचा नसतो, कारण ती मुळात आजारच नसते. म्हणून बाटली उघडण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारा साधा थर्मामीटर, मोबाइलची बॅटरी आणि आपली बोटं एवढं पुरतं.

तपासणी कशी करायची

शेळी सावलीत शांत उभी करा. पळवून, ओढून आणली असेल तर थोडा वेळ जाऊ द्या, नाहीतर ताप चुकीचा दिसतो. थर्मामीटरला तेल किंवा व्हॅसलिन लावून गुदद्वारात एका बाजूला टेकवून धरा. निरोगी शेळीचं तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असतं. उन्हाच्या दुपारी ते किंचित वर जातं. १०५ च्या पुढे असेल तर घरगुती विचार थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.

मग सुजेवर बोट लावा. गरम आहे की गार? दाबल्यावर शेळी मान हिसडते का? अंगठ्यानं पाच सेकंद दाबून सोडलं तर खड्डा राहतो का? खड्डा पडून हळूहळू भरत असेल तर आत नुसतं पाणी उतरलेलं आहे. टणक, गोल, कडा हाताला लागणारी असेल तर ती गाठ. हाडाइतकी घट्ट आणि जबड्यापासून जराही न हलणारी असेल तर हाडाचं किंवा दाताचं दुखणं.

जागा नीट बघा: जबड्याच्या बरोबर खाली, कानाखाली, गालात, ओठांवर, की गळ्याच्या वरच्या भागात. नुसतं ‘तोंड सुजलंय’ एवढं सांगितलं तर फोनवर कुठलाच डॉक्टर अंदाज बांधू शकत नाही. सूज सकाळी कमी आणि चरून आल्यावर संध्याकाळी जास्त दिसते का, हेही लक्षात ठेवा. पुढे त्याचा फार उपयोग आहे.

शेवटी डोळा. वरची पापणी बोटानं हलकेच आत दाबून खालची ओढा आणि आतल्या अस्तराचा रंग उजेडात बघा. लालभडक असेल तर रक्त भरपूर आहे. फिकट गुलाबी म्हणजे सावध व्हायची वेळ. पांढरट असेल तर अंगात रक्तच उरलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत ह्याच तपासणीसाठी पाच रंगांचं ‘फमाचा’ कार्ड तयार झालं आणि आता जगभर शेळी-मेंढीपालक ते वापरतात. कार्ड हाताशी नसलं तरी कळपातली सगळ्यात तरतरीत शेळी शेजारी उभी करून दोघींच्या पापण्या ताडून बघितल्या तरी फरक कळतो. आपल्या काळ्या शेळ्यांत तर हे करायलाच हवं, कारण काळ्या कातडीवर फिकटपणा दिसत नाही. शेळी धष्टपुष्ट दिसते आणि पापणी मात्र कागदासारखी पांढरी निघते.

जबड्याखाली मऊ, गार, खड्डा पडणारी सूज

महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत दिसणारी ही सगळ्यात ओळखीची सूज. ताप नाही, दुखत नाही, संध्याकाळी वाढते, रात्री मान वर करून बसल्यावर सकाळपर्यंत ओसरते. पापणी पांढरी. लेंड्या पातळ असतीलच असं नाही. हगवण नाही म्हणजे जंत नाहीत, असं समजणाऱ्यांची इथेच फसगत होते.

दोष बहुतेक वेळा हिमॉन्कस ह्या जंताचा असतो. हा शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. ऐकायला ते काहीच नाही, पण हजार जंत झाले की रोजचे ५० मिलिलिटर गेले. २५ किलोच्या शेळीत सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं, तेव्हा हिशेब ज्याचा त्यानं करावा. रक्तातली प्रथिनं घटली की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, बाहेर झिरपतं आणि चरताना मान खाली असल्यामुळे जबड्याखाली साचतं. ती पिशवी फोडून पाणी काढलं तर उद्या पुन्हा भरणार, शिवाय वर जखम झालेली.

दुसरा गुन्हेगार म्हणजे यकृतातला चपटा जंत, लिव्हर फ्लूक. कोकणात, विदर्भाच्या धानपट्ट्यात, कालव्याच्या आणि तळ्याच्या काठी चरणाऱ्या शेळ्यांत हा आधी आठवावा. ह्याचं अर्धं आयुष्य पाणथळातल्या गोगलगायींत जातं. नेहमीची बरीच जंतनाशकं ह्याच्या पिल्लांवर चालतच नाहीत. त्यामुळे ‘जंताचं औषध पाजलं तरी सूज उतरेना’ ही तक्रार पाणथळ भागात जास्त ऐकू येते.

करायचं ते असं:

१. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. कुठला जंत आहे हे कळल्याशिवाय औषध निवडणं म्हणजे अंदाजपंचे. शेळी फारच पांढरी पडली असेल तर मात्र अहवालासाठी थांबू नका, डॉक्टरांना विचारून पहिला डोस त्याच दिवशी द्या.

२. वजन काढा. अंदाजानं नाही. काटा नसेल तर शिंप्याची फीत घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर २८ आणि लांबी २४ असेल तर साडेअठ्ठावीस किलो.

३. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून शेळीसाठी म्हणून विचारून घ्या. शेळीचं शरीर बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीच्या मात्रेत शेळीचे जंत अर्धमेले होतात, आणि जे वाचतात त्यांची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल शेळीला साधारण किलोमागे १० मिलिग्रॅम दिलं जातं. अल्बेंडाझोलचं अडीच टक्क्यांचं औषध असेल तर त्याच्या एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम असतात. म्हणजे २० किलोच्या शेळीला ८ मिलिलिटर. बाटलीवरची टक्केवारी प्रत्येक वेळी वाचा, कंपनीगणिक ती बदलते.

४. नुकत्याच फळलेल्या, पहिल्या महिन्यातल्या गाभण शेळीला अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भाला धोका असतो. तिच्यासाठी फेनबेंडाझोल बरं. रक्तपित्या जंतांवर आणि फ्लूकवर क्लोसँटेल चांगलं चालतं, पण जास्त झालं तर शेळी कायमची आंधळी होऊ शकते. ते डोळे मिटून ‘थोडं जास्तच’ देण्याचं औषध नाही.

५. पाजताना तोंड आडवं ठेवा, नाक आभाळाकडे नको. सिरिंजचं तोंड गालाच्या कोपऱ्यातून आत सरकवून जिभेच्या मागच्या भागावर हळूहळू सोडा. ठसका लागला तर लगेच मान खाली सोडा, कारण फुप्फुसात गेलेलं औषध जंतांपेक्षा आधी शेळीला मारतं.

औषध दिलं म्हणजे काम झालं असं नाही. पांढऱ्या पापणीच्या शेळीला चरायला पाठवू नका, डोंगर चढवू नका, इतर शेळ्यांबरोबर पळवू नका. अंगात रक्त नसलेली शेळी धावताना कोसळते आणि आपण म्हणतो, औषध लागलं नाही. तिला जागेवर शेवरी, हादगा, लसूणघास, थोडी शेंगदाणा पेंड द्या. सुबाभूळ चालेल, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. लोह आणि जीवनसत्त्वांची औषधं डॉक्टर देतील. उठूच न शकणाऱ्या शेळीला मोठ्या चिकित्सालयात दुसऱ्या शेळीचं रक्तही चढवता येतं. सूज दोन दिवसांत उतरणार नाही. प्रथिनं पुन्हा तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. सूज तशीच दिसते म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा तेच औषध पाजणं चुकीचं. दहा ते चौदा दिवसांनी लेंड्या पुन्हा तपासा. जंतांची अंडी जवळपास संपलेली नसतील तर ते औषध तुमच्या कळपात निकामी झालंय, दुसऱ्या गटातलं औषध घ्यावं लागेल.

शेळी महिनोन्महिने वाळत चालली आहे, जंतनाशकं झाली, लेंड्या तपासून झाल्या, तरी जबड्याखाली पाणी उतरतंच आहे, तर जोन्स रोगाची, म्हणजे आतड्यांच्या जुनाट जिवाणू-आजाराची शंका घ्या. त्यावर उपचार नाही. ती शेळी कळपातून काढावी लागते.

कानाखाली किंवा जबड्याच्या कोपऱ्यात टणक गाठ

लिंबाएवढी गोल गाठ, ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित, आणि गाठ आठवड्यागणिक वाढतेय. जागा नेमकी लसिकाग्रंथींची: कानाखाली, जबड्यामागे, खांद्यापुढे. ह्या गाठी बऱ्याचदा एका जिवाणूमुळे होतात. नाव लांबलचक आहे, कोरायनेबॅक्टेरियम स्यूडोट्यूबरक्युलोसिस. शेळीला हा बाभळीच्या-बोरीच्या काट्यानं, तारेनं किंवा कानात बिल्ला मारताना झालेल्या जखमेतून लागतो आणि गाठ दिसायला काही महिनेही लागतात. गाठीत पांढुरका-हिरवट, लोण्याइतका घट्ट पू असतो. तो जमिनीवर सांडला की जिवाणू तिथे महिनोन्महिने जिवंत राहतात. गव्हाणीशी फुटलेली एक गाठ पुढच्या दोन वर्षांच्या गाठींची सोय करून ठेवते.

इथे इंजेक्शनांवर पैसे घालवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. गाठीभोवती जाड आवरण असतं, त्यातून प्रतिजैविक आत फार पोचत नाही. गाठ पिकेपर्यंत शेळी वेगळी बांधा. वरचे केस गळायला लागले आणि मधला भाग मऊ लागला की ती पिकली. मग डॉक्टरांकडून फोडून घ्या. स्वतः नको म्हणतो त्याला कारण आहे. कानाखालून चेहऱ्याची नस आणि लाळेची ग्रंथी जाते, गळ्याला मोठी रक्तवाहिनी असते. शिवाय आत पूच आहे की नुसती लाळ साचलीय, हे सुई घालून बघितल्याशिवाय बाहेरून कळत नाही. लाळेची पिशवी मऊ, न दुखणारी असते आणि सुईतून चिकट, तारेसारखं पाणी येतं. तिला पुवाची गाठ समजून चिरलं तर लाळ वाहतच राहते.

गाठ फोडताना गोठ्यापासून दूर, फरशीवर किंवा जुन्या पोत्यावर शेळी धरा. हातमोजे घाला. हा जिवाणू माणसालाही लागतो, हाताला जखम असेल तर जास्तच. पू कागदात झेलून पोत्यासकट जाळा. आतली पोकळी पाण्यात पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीननं रोज धुवा आणि कडेनं माशा बसू नयेत म्हणून जखमेचा स्प्रे किंवा कडुलिंबाचं तेल लावा. जखम पूर्ण भरून खपली पडेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, शेळी कळपात सोडू नका. गाठीत फॉर्मॅलिन टोचण्याचा ‘अनुभवी’ सल्ला कुठे मिळाला तर सोडून द्या. ते विष आहे, आणि त्या शेळीचं दूध-मटण माणसांनीच खायचं असतं.

प्रत्येक गाठ ह्याच जिवाणूची असते असंही नाही. एकाच शेळीला, गालावर किंवा ओठाजवळ, गरम आणि दुखरी गाठ आली तर आत काटा मोडलेला असण्याची शक्यता जास्त. दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्यानं शेक द्या. आठवड्याभरात ती बहुधा फुटते, काट्याचा तुकडा बाहेर येतो आणि जखम भरते. हिलाही पिकेपर्यंत दाबायचं नाही.

गाल फुगलाय

बॅटरीच्या उजेडात तोंड उघडून बघा, पण बोट दाढांच्या मध्ये घालू नका, त्या कात्रीइतक्या धारदार असतात. बाहेरून गाल चेपा. कितीदा तरी गालात नुसता चाऱ्याचा गोळा अडकलेला असतो. चेपल्यावर तो बाहेर पडतो आणि कुजका वास येतो. म्हाताऱ्या शेळीत असं वारंवार होत असेल तर दाढ पडली आहे किंवा वाकडी वाढली आहे. तिला चारा बारीक करून द्या.

पण गोळा एकाच बाजूला साचतोय, त्या बाजूचा कान लोंबतोय, लाळ गळतेय आणि शेळी एकाच दिशेला गोल फिरतेय, तर दात तपासत बसू नका. हा लिस्टेरिओसिस, म्हणजे मेंदूला होणारा जिवाणूंचा आजार असू शकतो. बुरशी आलेला किंवा नीट न आंबलेला मुरघास हे त्याचं एक ठरलेलं कारण. पहिल्याच दिवशी जोरदार प्रतिजैविकं मिळाली तर वाचण्याची शक्यता असते, शेळी आडवी पडल्यावर फारशी नाही.

जबड्याचं हाडच सुजलेलं असेल तर उपचार लांबतो आणि पूर्ण बरं होईलच असं नाही. दूध आणि वय बघून निर्णय घ्या.

तासाभरात सुजलेलं तोंड

सकाळी ठीक होती आणि दुपारी तोबरा भरल्यासारखं तोंड: इथे पहिलं काम म्हणजे म्होरकी आणि गळ्यातलं दावं काढणं. सूज वाढली की तीच दोरी फास होते. शेळी मुख्यतः नाकानं श्वास घेते, त्यामुळे नाकपुड्या सुजल्या की वेळ फार थोडा असतो.

चरताना शेळी तोंड झुडपात घालते, म्हणून साप तिला तोंडावरच चावतो. आपल्याकडे घोणस आणि फुरसं ह्यांच्या चाव्यानं झपाट्यानं सूज चढते, चाव्याच्या जागेतून रक्त झिरपत राहतं, कातडी काळीनिळी होते. दातांच्या खुणा केसांत दिसतीलच असं नाही. चिरू नका, चोखू नका, शेळीला चालवू नका. उचलून गाडीत घाला आणि दवाखान्यात न्या. प्रतिविष माणसांसाठीचंच वापरतात, आणि त्याची मात्रा शेळीच्या वजनावर नाही, सापानं सोडलेल्या विषावर ठरते. ‘एवढीशी शेळी, अर्धी बाटली पुरे’ असं होत नाही.

गांधीलमाशी किंवा मधमाशी चावली असेल तर ओठ-पापण्या सुजतात, पण रक्त झिरपत नाही आणि शेळी बऱ्यापैकी सावध असते. मधमाशीचा काटा नखानं खरवडून काढा, गार पाण्याची फडकी ठेवा. डॉक्टर ॲलर्जीचं इंजेक्शन देतील. शेळी गाभण असेल तर ते आधी सांगा, कारण अशा वेळी दिलं जाणारं स्टिरॉइड गाभण शेळीला गाभडवू शकतं.

तिसरी शक्यता घाणेरीची. टंचाईत शेळ्या घाणेरीचा पाला खातात, यकृत बिघडतं, आणि मग उन्हात कान, पापण्या, नाकाचा शेंडा सुजून सालपटं निघतात. पांढऱ्या कातडीच्या भागावर जास्त. डोळे पिवळे दिसतात. शेळी पूर्ण सावलीत बांधा, घाणेरी बंद करा, बाकीचं यकृताचं औषध डॉक्टर ठरवतील.

ताप आणि सूज दोन्ही

गळा गरम, दुखरा, घट्ट. ताप १०५ च्या वर. घशातून घरघर: घटसर्प असू शकतो. गाई-म्हशींइतका तो शेळ्यांत दिसत नाही, पण झाला तर हिशेब तासांचा असतो. सरकारी दवाखान्याचा फोन लागत नसेल तर १९६२ वर फिरत्या पथकासाठी फोन करा.

ओठ, नाक, सगळा चेहराच सुजला, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात फोड, पाय लंगडे, आणि पावसानंतर चिलटं भरपूर, असं असेल तर नीलजिव्हा. हा मेंढ्यांना जास्त झोडपतो, एकत्र कळप असेल तर आधी मेंढ्यांकडे बघा. विषाणूवर औषध नाही. सावली, मऊ चारा, पातळ आंबील आणि जखमांची काळजी ह्यांवर जनावर तगतं.

करडांच्या ओठांवर खपल्या येऊन ओठ सुजले तर तो बहुधा मावा. तीन-चार आठवड्यांत आपोआप बरा होतो. खपल्या ओरबाडू नका, बोरोग्लिसरीन लावा, हातमोजे घाला, कारण तो आपल्या हातांनाही होतो.

एखादी शेळी गळा सुजून अचानक मेली आणि नाका-गुदातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर तिला सोलू नका, कापू नका, कुणाला देऊ नका. हा फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो. डॉक्टर येईपर्यंत कुत्री-कावळे दूर ठेवा.

करडांचा गळा

एक ते चार महिन्यांच्या, चांगल्या दुधावर वाढणाऱ्या करडांच्या गळ्याचा वरचा भाग फुगलेला दिसतो. हात लावला तर मऊ, न दुखणारा. ती थायमस ग्रंथी असते आणि काही महिन्यांत आपोआप लहान होते. ह्या करडांना जंतनाशकांवर जंतनाशकं पाजलेली दिसतात. पापणी लाल आहे ना, मग काहीच करू नका. जन्मतःच गळ्याला गाठ, अंगावर केस विरळ, करडू मलूल असेल तर मात्र आयोडीनची कमतरता. पुढच्या वेतात गाभण शेळ्यांना आयोडीनयुक्त मिठाची वीट चाटायला ठेवा.

पुढच्या पावसाळ्याआधी

हिमॉन्कसची पिल्लं दवाच्या पाण्यातून गवताच्या खालच्या तीन-चार इंचांत चढून बसतात. म्हणून दव सुकल्यावर शेळ्या सोडा, आणि गवत खुरडायला लावण्यापेक्षा झाडपाला उंचावर टांगून द्या. सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजण्याची पद्धत मात्र बंद करा. त्यानं औषध निकामी होतं, पैसे जातात. जून ते ऑक्टोबर दर दोन-तीन आठवड्यांनी सगळ्यांच्या पापण्या बघा आणि ज्या फिकट निघतील त्यांनाच पाजा.

पापण्यांची वही ठेवलीत की दिसेल, पुन्हापुन्हा फिकट पडणाऱ्या शेळ्या त्याच त्या असतात. कळपातल्या थोड्या शेळ्याच बहुतेक जंत पोसतात आणि रान खराब करतात. अशी शेळी दुधाला चांगली असली तरी तिचा बोकड पैदाशीला ठेवू नका. एका पावसाळ्यात तीनदा पाजावी लागली तर तिला बाजार दाखवा.